तुलाप्रामाण्य आणि टॉर्क पाना

ज्ञानाची साधने कितपत विश्वासार्ह असतात हा भारतीय तत्त्वज्ञानातला जुना आणि आजही न मिटलेला वाद आहे, आणि तो आत्मा, ईश्वर किंवा मोक्ष यांच्याविषयीच्या ज्ञानापुरता मर्यादित नाही. ज्या कोणत्या साधनाने माणूस न दिसणारी गोष्ट जाणून घेऊ पाहतो आणि त्या भरवशावर पुढची कृती करतो, त्या प्रत्येक साधनाला तो लागू पडतो. नट किंवा बोल्ट किती जोराने आवळला गेला हे सांगणारा टॉर्क पाना हे असेच एक साधन आहे. एके काळी तो मोठ्या कार्यशाळांतच दिसत असे. आता साधारण दोन-तीन हजार रुपयांत तो घरपोच मिळतो, आणि ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातील डोळखांबसारख्या गावात, जिथून गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची म्हणजे कामाचा दिवस मोडतो, तिथे घरच्या घरी चाके काढणारा आणि ऑइल बदलणारा गाडीमालक तो विकत घेण्याचा विचार करू लागतो. त्याच्यापुढचा प्रश्न वरवर पाहता पैशांचा असला, तरी मुळात तो प्रामाण्याचा, म्हणजे ज्ञानाच्या खरेपणाच्या हमीचा आहे: ज्या मापाची स्वतःची परीक्षा झालेली नाही, त्या मापावर विसंबण्याचा अधिकार माणसाला केव्हा प्राप्त होतो?

टॉर्क म्हणजे पीळ देणारा जोर. हाताने लावलेले बल आणि फिरण्याच्या मध्यबिंदूपासून ते जिथे लावले तिथपर्यंतचे अंतर यांच्या गुणाकाराने तो मोजला जातो आणि न्यूटन-मीटर या एककात सांगितला जातो. लहान मोटारींच्या चाकांचे नट साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान आवळायचे असतात, इंजिन ऑइल सोडण्याचा तळचा बोल्ट बहुधा त्याच्या तिसऱ्या हिश्शाने, आणि स्पार्क प्लग त्याहूनही हलक्या हाताने. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. मात्र आवळणाऱ्याला खरे पाहता टॉर्क हवा नसतो, त्याला बोल्टमधला ताण हवा असतो. आवळला जाणारा बोल्ट अगदी किंचित लांबतो आणि मूळ लांबीवर परतू पाहतो, आणि त्याच्या या मागे खेचण्यामुळे चाक हबवर दाबून धरले जाते. १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला १०० न्यूटन-मीटर टॉर्क दिला असता हा दाब सामान्य परिस्थितीत चार टनांच्या आसपास पोहोचतो. ताण कमी पडला तर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी नट सैल होत जातो. ताण अति झाला तर बोल्ट लवचिकपणाची मर्यादा ओलांडून कायमचा लांबतो, आटे जातात, ब्रेकची डिस्क वाकडी बसू शकते, आणि ॲल्युमिनियमच्या ऑइल चेंबरचे आटे एकदा गेले की दुरुस्तीचा खर्च पान्याच्या किमतीलाही मागे टाकू शकतो. हा ताण डोळ्यांना दिसत नाही, हाताला थेट कळत नाही, आणि टॉर्क पानाही तो मोजत नाही.

पाना मोजतो तो फिरण्याला होणारा विरोध. दिलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने निम्मा भाग नटाच्या तळाखालच्या घर्षणात आणि सुमारे चाळीस टक्के भाग आट्यांमधल्या घर्षणात खर्ची पडतो, आणि ताण निर्माण करायला जेमतेम दहा टक्के उरतो. त्यामुळे पान्यावरच्या आकड्यावरून ताणाविषयी जे समजते ते अनुमान ठरते. न्यायदर्शन अनुमानाचा पाया व्याप्तीत पाहते. व्याप्ती म्हणजे दोन गोष्टींचे कधीही न मोडणारे साहचर्य, जसे धूर असेल तिथे अग्नी असतोच. उलट अग्नी असेल तिथे धूर असतोच असे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धूर निघायला इंधन ओले असावे लागते, आणि साहचर्याला बाहेरून चिकटलेल्या अशा अटीला नैयायिक उपाधी असे नाव देतात. आकड्यावरून ताणाचे अनुमान हे या दुसऱ्या, सोपाधिक प्रकारचे आहे. पुस्तिकेतला आकडा सामान्यतः स्वच्छ आणि कोरडे आटे गृहीत धरून दिलेला असतो. त्याच आट्यांना तेल लावले की घर्षण घटते आणि तेवढाच टॉर्क ताण तिसऱ्या हिश्शाने, प्रसंगी त्याहूनही अधिक वाढवतो. आट्यांवर गंज असला तर ताण पुरेसा होण्याआधीच आकडा गाठला जातो आणि काम पुरे झाल्याची खूण मिळते, जी खोटी असते.

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या डोळखांब परिसरात पावसाळ्याचे चार महिने चाकांवर भातखाचरांचा चिखल चढतो, तो वाळतो, पुन्हा भिजतो, आणि बोल्टांवर गंजाचा थर धरतो. या उपाधीचा विचार तिथे ग्रंथापुरता राहू शकत नाही. प्रमाणपत्रासह आलेला महागडा पाना गंजलेल्या बोल्टाविषयी जे सांगेल, त्याहून स्वस्त पाना तारेच्या ब्रशने साफ केलेल्या बोल्टाविषयी अधिक खरे सांगेल, आणि म्हणून खरेदीचा क्रम लावायचा झाला तर ब्रश आधी येतो, पाना नंतर. साधनाची चर्चा करताना ज्या परिस्थितीत ते साधन बोलते तिची चर्चा टाळणे ही केवळ गाडीमालकांची सवय नाही; तत्त्वज्ञानाच्या इतिहासातही ती वारंवार दिसते, आणि नव्यन्यायाने व्याप्तीच्या व्याख्येवर जे अवाढव्य बौद्धिक श्रम खर्च केले त्यांचे मोल अशा साध्या ठिकाणी पटते.

माप खोटे असू नये हा आग्रह धर्मग्रंथांत आणि राजनीतीच्या ग्रंथांत सारखाच तीव्र आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात मापांवर देखरेख करणाऱ्या पौतवाध्यक्ष या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना वजने लोखंडाची किंवा मगध आणि मेकल इथल्या दगडाची असावीत, किंवा पाण्याने वा लेपाने न वाढणाऱ्या आणि उष्णतेने न घटणाऱ्या पदार्थांची असावीत, असे सांगितले आहे आणि दर चार महिन्यांनी त्यांच्या तपासणीची तरतूद केली आहे. मनुस्मृतीचा आठवा अध्याय हीच मुदत सहा महिन्यांची धरतो. जैन परंपरेत तत्त्वार्थसूत्र हे कमी-अधिक मापे वापरणे हा अस्तेय, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रतातला दोष मानते, आणि कुराणातला त्र्याऐंशीवा सूरा मापात मारणाऱ्यांच्या निर्भर्त्सनेनेच सुरू होतो. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात, जिथे भात पायलीने मोजून उसने दिले-घेतले जाई आणि पायली गावागणिक लहान-मोठी असे, तिथे या आग्रहाची गरज निराळी समजावून सांगावी लागत नाही; देताना एक आणि घेताना दुसरे माप हा अन्याय कोणाच्या वाट्याला येतो हे उघड आहे.

तथापि हे सारे विधिनिषेध व्यवहारातल्या मापांसाठी आहेत, जिथे एक माणूस दुसऱ्याला फसवू शकतो. स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या गाडीचा नट आवळणाऱ्याचा पाना दहा टक्क्यांनी चुकत असेल तर त्यात फसवले कोण जाते? या प्रश्नाचे उत्तर अंगणात मिळत नाही, घाटात मिळते. ती गाडी उद्या कसाऱ्याचा किंवा माळशेजचा घाट उतरणार असते, तिच्यात शेजारचा आजारी माणूस असू शकतो, समोरून दुचाकीवर कोणी कुटुंब येत असते, आणि त्यांच्यापैकी कोणीही नट आवळताना हजर नव्हते. ज्यांना परीक्षा करता येत नाही अशांच्या वतीने परीक्षा करणे हे कौटिल्याच्या पौतवाध्यक्षाचे काम होते. घरी गाडी दुरुस्त करणारा माणूस नकळत तेच पद स्वीकारतो. या अर्थाने मापाचा धर्म त्यालाही बांधतो, आणि पाना स्वस्त होता ही सबब तिथे चालत नाही.

मग स्वस्त पान्याची परीक्षा करायची कशाने? दुसऱ्या मापाने, असे उत्तर दिले तर त्या दुसऱ्या मापाची परीक्षा कशाने, हा प्रश्न लगेच उभा राहतो. हीच शंका इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास माध्यमिक बौद्ध आचार्य नागार्जुन याने विग्रहव्यावर्तनी या ग्रंथात सर्व ज्ञानसाधनांविषयी उपस्थित केली. वस्तू प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनी सिद्ध होतात असे म्हणणाऱ्याने प्रमाणे कशाने सिद्ध होतात हे सांगावे. दुसऱ्या प्रमाणांनी म्हटले तर अनवस्था, म्हणजे कधीच न थांबणारी साखळी, आणि आपोआप म्हटले तर बाकीच्या वस्तूही आपोआप का सिद्ध होऊ नयेत, असा तो पेच आहे. नागार्जुनाने एका सातवाहन राजाला उपदेशपर पत्र लिहिले असे परंपरा मानते, आणि सातवाहनांचा घाटमार्ग असलेला नाणेघाट मुरबाड तालुक्याच्याच माथ्यावर आहे; तिथल्या लेण्यात राणी नागनिकेच्या शिलालेखात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांच्या संख्या कोरलेल्या आहेत, आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता अशी समजूत आहे. मोजणे आणि मोजण्यावर शंका घेणे या दोन्ही गोष्टी या डोंगररांगेला परक्या नाहीत.

न्यायदर्शनाने या शंकेला दिलेले उत्तर प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विलक्षण नेमके आहे, कारण त्यासाठी गौतमाने न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात दृष्टान्त घेतला तोच मुळी तराजूचा. तराजूने सोने जोखले जाते तेव्हा तराजू हे प्रमाण आणि सोने हे प्रमेय, म्हणजे जाणून घ्यायची वस्तू असते. पण ज्याचे वजन आधीच ठाऊक आहे अशा सोन्याने दुसऱ्या तराजूची परीक्षा केली जाते तेव्हा सोने प्रमाण होते आणि तो तराजू प्रमेय होतो, असे वात्स्यायनाचे भाष्य या सूत्राचा अर्थ उलगडताना सांगते. प्रमाण ही एखाद्या वस्तूला जन्मतः मिळालेली पदवी नसून ती वस्तू त्या-त्या वेळी करीत असलेले काम आहे, हा या उत्तराचा गाभा. साखळी अनंत आहे ही नागार्जुनाची तक्रार त्यामुळे पूर्णपणे खोडली जाते असे नाही, परंतु व्यवहारात साखळीच्या प्रत्येक कडीची परीक्षा एकाच वेळी करावी लागत नाही, जिच्याविषयी शंका उत्पन्न झाली तिचीच करावी लागते, एवढे मात्र त्यातून निश्चित होते. पुढे उदयनाचार्यांनी शंकेची मर्यादाही दाखवली: जिथे शंका शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्याच आचरणाशी विसंगत ठरते तिथे ती थांबते.

गौतमाचा हा तराजू डोळखांबला सहज उभा करता येतो. किराणा किंवा धान्याच्या दुकानात वीस किलोचे बिडाचे वजन असते, आणि त्यावर वैधमापन विभागाचा पडताळणीचा शिक्का असतो. त्या शिक्क्यामागची साखळी विभागाच्या प्रमाणित वजनांतून नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते, जिथे आंतरराष्ट्रीय किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत ठेवलेली आहे, आणि तिथून पॅरिसजवळच्या सेव्हर इथे जपलेल्या धातूच्या एका दंडगोलापर्यंत. २० मे २०१९ पर्यंत किलोग्रॅमची व्याख्याच त्या दंडगोलावर टेकलेली असल्यामुळे तो चुकूच शकत नव्हता, निदान शब्दार्थाने; त्यानंतर ती व्याख्या प्लांकच्या स्थिरांकाशी जोडली गेली. दुकानदाराकडून तासाभरासाठी मागून आणलेले वजन अशा रीतीने फार दूरवरची साक्ष घेऊन येते.

पान्याचा चौकोनी खुंट शिकंज्यात घट्ट धरायचा, दांडा आडवा ठेवायचा, आणि खुंटाच्या मध्यापासून ४० सेंटिमीटरवर, शक्यतो मुठीच्या मध्यभागी, ते वजन दोरीने टांगायचे. वीस किलो, गुरुत्वाचे ९.८ आणि ०.४ मीटर यांचा गुणाकार ७८.४ न्यूटन-मीटर होतो. पान्याचे स्वतःचे वजनही खाली ओढत असते, आणि ते दीड किलो असून त्याचा तोल २० सेंटिमीटरवर साधत असेल तर आणखी सुमारे तीन न्यूटन-मीटर मिळवावे लागतात, म्हणजे एकूण ८१ च्या आसपास. अंतर मोजताना एक सेंटिमीटरची चूक झाली तर अडीच टक्के फरक पडतो, म्हणून दोरी सरकणार नाही हे पाहणे आवश्यक आहे. पाना लावलेला आकडा गाठताच 'टक्' वाजणारा असेल, तर ७० वर लावून वजन हळूच सोडल्यावर तो वाजायला हवा, ९० वर लावला तर वाजता कामा नये, आणि या दोहोंमधली सीमा पुन्हा पुन्हा लावून शोधता येते. हातपान्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ६७८९, ठरावीक आकड्यावर वाजणाऱ्या पान्यांना १० न्यूटन-मीटरच्या वरच्या क्षमतेत चार टक्क्यांची सूट देते. अंगणातल्या या परीक्षेत तेवढी बारकाई साधली नाही तरी पंधरा-वीस टक्क्यांची चूक लपून राहत नाही.

या परीक्षेत काय शोधायचे याविषयी मात्र बहुतेकांची समजूत अपुरी असते. पाना ८१ ऐवजी दर वेळी ८८ वर सीमा दाखवत असेल तर तो टाकाऊ ठरत नाही, कारण त्या भागात त्याचा आकडा आणि खरा टॉर्क यांचे साहचर्य अभंग आहे आणि दुरुस्ती मनात करता येते. पण तोच पाना एकदा ७५, एकदा ८१ आणि एकदा ९० दाखवत असेल तर त्याची सरासरी कितीही बिनचूक आली तरी तो निरुपयोगी आहे. नैयायिक ज्याला सव्यभिचार हेतू म्हणतात, म्हणजे जे लक्षण साध्याबरोबरही आढळते आणि साध्याशिवायही आढळते, त्याचे हे उदाहरण होय. सातत्याने चुकणारा साक्षीदार चालतो, चंचल साक्षीदार चालत नाही. स्वस्त पाना निवडताना चुकीच्या प्रमाणापेक्षा तिची स्थिरता पाहणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि विक्रेत्यांच्या जाहिरातींत नेमका हाच मुद्दा गाळलेला असतो.

मीमांसकांची भूमिका याहून वेगळी आहे आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान स्वतःप्रमाण असते, म्हणजे ते उत्पन्न होताच खरे मानले जाते, आणि त्याच्या साधनात दोष असल्याचे कळले किंवा त्याला खोडणारे दुसरे ज्ञान पुढे आले तरच ते सोडावे लागते. असे मानले नाही तर माणसाला पाऊलही उचलता येणार नाही. ही भूमिका स्वीकारली तरी स्वस्त पाना परीक्षेतून सुटत नाही, कारण साधनातल्या दोषाची शंका इथे निराधार नाही: तपासणीचे प्रमाणपत्र नसणे, स्प्रिंग नेहमी दाबलेल्या अवस्थेत ठेवली जाणे, पाना फरशीवर पडणे ही सारी दोषाची ज्ञात कारणे आहेत. न्यायाची परतःप्रामाण्याची भूमिका, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा बाहेरून ठरतो ही भूमिका, इथे अधिक सुरक्षित आहे. पण तिच्यातही एक अडचण आहे जिची चर्चा फारशी होत नाही. वात्स्यायन प्रवृत्तिसामर्थ्याला, म्हणजे ज्ञानावर विसंबून केलेल्या कृतीला फळ येण्याला, ज्ञानाच्या खरेपणाची खूण मानतात. पाणी दिसले, तिथे गेलो आणि तहान भागली तर ते मृगजळ नव्हते. नटाच्या बाबतीत ही खूण फसवते. चाक निघाले नाही, गाडी महिनोन्महिने चालली, यावरून नट योग्य आवळला होता असे ठरत नाही, कारण दीडपट आवळलेला नटही निघून पडत नाही, तो आतल्या आत बोल्टला थकवत राहतो आणि त्याचे फळ रात्री रस्त्यात चाक बदलताना, पाना घसरून आटे निघून येतात तेव्हा समोर येते. फळ उशिरा येणाऱ्या कृतींत यशाला साक्षी मानता येत नाही, आणि म्हणूनच अशा ठिकाणी साधनाची आगाऊ परीक्षा अनिवार्य ठरते.

बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या पान्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात दांड्याच्या आत स्प्रिंग असते, मूठ फिरवून आकडा लावायचा असतो, आणि तो आकडा गाठला की पाना 'टक्' असा आवाज देऊन किंचित सुटतो. दुसऱ्यात स्प्रिंग नसते. एक जाड दांडा जोराने वाकतो, त्याच्या शेजारची न वाकणारी काडी जागच्या जागी राहते, आणि तिच्या टोकाखालच्या पट्टीवर टॉर्क वाचला जातो. वाजणारा पाना अंधारात आणि अवघड जागीही वापरता येतो, दिसायला सुबक असतो, आणि लोक तोच मागतात. दुसऱ्या, म्हणजे काट्याच्या पान्याकडे सरळ वरून पाहावे लागते, नाहीतर आकडा चुकीचा दिसतो. तरीही ज्याच्या आवाक्यात तपासणीची प्रयोगशाळा नाही अशा माणसासाठी काट्याचा पाना अधिक योग्य आहे, असे प्रामाण्याच्या विचारातून निष्पन्न होते, कारण त्याचा सर्वांत सामान्य दोष उघड्यावर असतो: काटा रिकाम्या अवस्थेत शून्यावर नसेल तर पाना बिघडला आहे हे लहान मुलालाही दिसते, आणि काडी हलक्या हाताने वाकवून तो शून्यावर आणताही येतो. वाजणाऱ्या पान्याची स्प्रिंग थकली तर तो पूर्वीइतक्याच आत्मविश्वासाने वाजत राहतो. कमी किंमत ही इथे तडजोड नाही. दोष लपवण्याची क्षमता नसणे हा ज्ञानसाधनाचा गुण आहे.

वाजणाराच पाना घ्यायचा झाला तर त्याची कमाल क्षमता फार मोठी असू नये. असे पाने कमाल क्षमतेच्या साधारण वीस टक्क्यांच्या खाली भरवशाचे राहत नाहीत, म्हणून २१० न्यूटन-मीटरच्या पान्याने चाकाचे नट नीट आवळता येतात पण २० न्यूटन-मीटरचा स्पार्क प्लग नाही. एकाच पान्याने सारे साधण्याचा मोह तिथे सोडावा लागतो, आणि पैसा एकाच पान्यापुरता असेल तर तो चाकांसाठी घ्यावा. जिथे चुकीची किंमत माणसांना मोजावी लागते तिथले काम आधी येते.

न्यायदर्शनात आप्तवाक्य, म्हणजे विषय जाणणाऱ्या आणि खरे सांगू इच्छिणाऱ्या माणसाचे वचन, हेही स्वतंत्र प्रमाण मानले आहे, आणि गाडीच्या पुस्तिकेतला टॉर्कचा आकडा त्याच वर्गात मोडतो. पाना कितीही अचूक असला तरी किती आवळायचे हे तो सांगू शकत नाही. पाली अंगुत्तर निकायात सोण या भिक्षूची कथा आहे. अति कठोर साधनेने खचलेल्या या पूर्वाश्रमीच्या वीणावादकाला बुद्धांनी विचारले की तारा फार ताणलेल्या असताना किंवा फार सैल असताना वीणा सुरात वाजत होती का, आणि वीर्याचाही, म्हणजे प्रयत्नाचाही, तसाच समतोल राखण्यास सांगितले. या कथेवरून मध्यम म्हणजे दोन टोकांच्या बरोबर अधले असा अर्थ पुष्कळदा काढला जातो, पण सुराला लागणारा ताण गणिती मध्यावर नसतो. तो त्या तारेच्या जाडीवर, लांबीवर आणि अपेक्षित स्वरावर ठरतो, आणि तो आधी ऐकून ठाऊक असावा लागतो. प्रत्येक बोल्टाचा योग्य ताण असाच त्याचा त्याचा आहे. त्यामुळे पुस्तिका हरवलेली सेकंडहँड गाडी आणि नवाकोरा टॉर्क पाना ही जोडी अपुरी आहे, आणि त्या मॉडेलचा आकडा मिळवणे हे पाना मिळवण्याइतकेच खरे काम आहे.

महाराष्ट्रात खंडेनवमीला आणि दसऱ्याला हत्यारांची, अवजारांची आणि वाहनांची पूजा होते. पाना, गोट्या, जॅक स्वच्छ पुसून मांडले जातात, गाडीला झेंडूची माळ चढते. साधनाला देवत्व देणे आणि साधनाची परीक्षा करणे या दोन वृत्ती परस्परविरोधी आहेत असे मानणारे दोन्ही बाजूंना आढळतात. परंतु ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात स्वकर्म नीट करणे हीच ईश्वराची पूजा असल्याचे जे प्रतिपादन आहे, त्याच्या प्रकाशात पाहिले तर अवजाराची पूजा ही त्याच्याकडून घडणाऱ्या कर्माच्या शुद्धतेची जबाबदारी ठरते. ज्या पान्याचा खरेखोटेपणा पाहिला नाही त्याला कुंकू लावणे हे त्या पूजेचे अर्धेच अंग झाले. काम संपल्यावर वाजणाऱ्या पान्याची मूठ सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवणे, त्याने गंजलेले नट सोडवण्याची जबरदस्ती न करणे, तो आपटू न देणे हे नित्याचे उपचार आहेत. वर उल्लेखिलेले मानक वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा वापरल्यानंतर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, फेरतपासणी सुचवते, आणि घरगुती वापरात पाच हजारांचा आकडा कधीच गाठला जात नसल्यामुळे वर्षाची मुदत उरते. खंडेनवमीच्या सकाळी दुकानातले वजन टांगून ती पाळता येईल, आणि त्यात परंपरेचा कोणताही अवमान नाही.

टॉर्क पान्याच्या शोधाचे श्रेय सामान्यतः कॉनराड बार याला दिले जाते, ज्याने १९१८ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करताना, जमिनीखालच्या जलवाहिन्यांचे बोल्ट कामगारांकडून अति आवळले जाऊ नयेत म्हणून तो बनवला. शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणातून १८९२ पासून मुंबईला पाणी नेणाऱ्या वाहिन्यांच्या प्रदेशात या तपशिलाला वेगळे वजन आहे: ज्या भागाने महानगराची तहान भागवली, त्याच्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, आणि नेमकी अवजारेही तिथे सर्वांत शेवटी पोहोचतात. अशा भागात परवडणारी अचूकता हा चैनीचा विषय मानता येत नाही.

हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्या जुन्या मेकॅनिकांचे काय, हा प्रश्न उरतो, आणि त्यांची उपेक्षा करणे अन्यायाचे होईल. भर्तृहरीने वाक्यपदीयात म्हटले आहे की रत्ने आणि नाणी पारखणाऱ्यांचे ज्ञान अभ्यासातून येते, ते अनुमानाने येत नाही आणि दुसऱ्याला शब्दांत सांगताही येत नाही. तीस वर्षे नट आवळलेल्या हाताला बोल्ट ताणला जाण्याच्या आणि नुसताच घासला जाण्याच्या स्पर्शातला जो फरक कळतो तो कोणत्याही पान्याला कळत नाही, आणि गंजाची उपाधी हात बहुधा आधी ओळखतो. त्याच्या ज्ञानातली उणीव अशी की ते सोपवता येत नाही, थकव्याने आणि पान्याला लावलेल्या लांब पाइपाने ते ढळते, आणि ते ढळल्याचे त्याचे त्यालाच समजत नाही. म्हणून हाताने साध्या पान्याने जरा कमीच आवळून मग टॉर्क पाना लावणे, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा तपासणे, या क्रमात दोन्ही साक्षी घेतल्या जातात. त्या जुळल्या तर दोन्हींचे बळ वाढते. जुळल्या नाहीत, हाताला नट पुरेसा बसलेला वाटतो आणि पाना अजून फिरतोच आहे, तर त्या क्षणी कोणाचीही बाजू न घेता थांबले पाहिजे, नट काढून आटे पाहिले पाहिजेत, आणि आटे निर्दोष असतील तर वीस किलोचे वजन पुन्हा मागून आणले पाहिजे.